अंदाज आणि यादी

जिंतूर तालुक्यातील दर शंभर माणसांमागे किती माणसे दारिद्र्यरेषेखाली आहेत, असा प्रश्न दिल्लीच्या योजना आयोगाला कोणी केला असता, तर त्याचे उत्तर आयोगापाशी मिळाले नसते. आणि हाच प्रश्न जिंतूरच्या पंचायत समितीत केला असता, तर तेथील कारकुनाने कपाटातून यादी काढून गाववार, नावनिशीवार उत्तर दिले असते. वरच्या कचेरीत प्रमाण आहे पण माणसे नाहीत, खालच्या कचेरीत माणसे आहेत पण त्यांचे प्रमाण कोणी आणि कसे ठरविले याची खबर नाही, अशी ही स्थिती गेली कित्येक दशके चालत आलेली आहे. गरिबीच्या मोजमापाचा आपल्याकडील इतिहास सामान्यतः दिल्लीतील समित्यांच्या अहवालांवरून लिहिला जातो. तोच इतिहास परभणी जिल्ह्यातील एका कोरडवाहू तालुक्याच्या बाजूने पाहिला, तर त्यातील गुंता अधिक स्पष्ट दिसतो.

तालुका कसा आहे ते आधी सांगितले पाहिजे. परभणीहून उत्तरेकडे निघाले की जमीन हळूहळू वर चढू लागते; जिंतूरजवळच नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत, पश्चिमेला चारठाण्याची जुनी देवळे आहेत, आणि उत्तरेच्या डोंगरपट्ट्यात मुरमाड जमीन, विखुरलेल्या वाड्या आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. नदीच्या अंगाने मात्र काळी, कापसाची आणि रब्बी ज्वारीची जमीन लागते. पूर्णेवरचे येलदरीचे धरण या तालुक्याच्या हद्दीवर उभे राहिले. पण त्या पाण्याचे कालवे खाली सिद्धेश्वरहून वसमतेच्या दिशेने निघाले, तेव्हा धरण उशाशी असूनही डोंगरपट्टा कोरडाच राहिला. एकाच तालुक्यात पाच एकर जमीन बाळगणारा एक कुणबी सुखवस्तू आणि तितकीच जमीन बाळगणारा दुसरा अन्नाला महाग असू शकतो, ही गोष्ट येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ती समजत नव्हती ती फक्त गरिबांच्या गणनेच्या छापील फॉर्माला.

हा तालुका निजामाच्या अमदानीत होता, तेव्हा सरकारला रयतेच्या दारिद्र्याशी काही कर्तव्य होते असे नव्हे. सरकारला कर्तव्य होते ते महसुलाशी. निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, अव्वल तालुकदार, तहसीलदार, गिरदावर, पटवारी अशी उतरंड बसविली, आणि पुढे जमिनीची पाहणी करून तिच्या प्रतवारीप्रमाणे सारा ठरविला. या व्यवस्थेला रयतेची हलाखी दिसे ती एकाच खिडकीतून, ती म्हणजे पिकाच्या आणेवारीतून. उभ्या पिकाकडे पाहून हे किती आणे आले, असा नजरअंदाज करायचा आणि त्यावरून सारा घ्यावा, तहकूब करावा की माफ करावा, हे ठरवायचे. हा अंदाज करणारे अधिकारी महसूल खात्याचेच असल्याने तो बहुधा सरकारच्या बाजूला झुके, ही तक्रार ब्रिटिश मुलखात आणि मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, सारखीच होती. दशमान नाणी आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. आजही जिंतूरचा शेतकरी दारिद्र्यरेषा कोठे आहे याची चौकशी करीत नाही. तो विचारतो ते पैसेवारी पन्नासच्या आत आली की वर गेली एवढेच, कारण टंचाईच्या सवलती त्या पन्नासावर टांगलेल्या असतात. खरे पाहता आपल्या खेड्यांत दारिद्र्याची पहिली सरकारी रेषा हीच होय, आणि ती माणसावर न ओढता पिकावर ओढलेली होती.

या नजरअंदाजाला शास्त्रीय बैठक देण्याचे काम विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कामातून दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी, पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी केले. सर्व्हे नंबर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया निवडायचा, शेताच्या कोपऱ्यापासून ठरलेली पावले मोजून खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, दोरीच्या आतले पीक कापून, मळून, वाळवून तोलायचे. याच कामात सुखात्म्यांचा संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांशी प्रसिद्ध वाद झाला. महालनोबीसांचे तुकडे लहान होते, आणि तुकडा जितका लहान तितकी दोरीला टेकलेली ताटे आत धरण्याची मोजणाऱ्याची प्रवृत्ती पिकाचा आकडा फुगविते, असे सुखात्म्यांनी दाखवून दिले. मोजणारा लबाड नसतो. कणीस भरलेले असले की त्याचा हात आपोआप आतल्या बाजूला वळतो. हा वाद येथे मुद्दाम सांगितला, कारण पुढे काही दशकांनी माणसांच्या भुकेचे माप घेताना सुखात्मे पुन्हा उभे राहिले, आणि तेव्हाही त्यांचे भांडण दोरी कोठे ताणायची याविषयीच होते.

माणसाला जगण्यास किती लागते याचा हिशेब मात्र मोगलाईबाहेर सुरू झाला. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढे पुरे, असे ठरविले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचा कैवार घेतला. त्याच्याच आदल्या वर्षी दादाभाई नौरोजींनी मुंबईत आपला हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला होता. त्यांची युक्ती मोठी मर्मभेदक होती. परदेशी मळ्यांवर नेल्या जाणाऱ्या मजुराला जहाजावर, काहीही श्रम न करता नुसते जिवंत राहण्यासाठी, सरकारी वैद्यक अधिकारी किती शिधा ठरवितो, आणि तुरुंगातील कैद्यावर सरकार किती खर्च करते, हे पाहून त्यांनी १८६७-६८ च्या भावाने निर्वाहाचा खर्च प्रांतपरत्वे दरसाल दरडोई १६ ते ३५ रुपये असा काढला; आणि त्याच सुमारास देशाचे दरडोई उत्पन्न होते २० रुपये. सरकारने गुन्हेगारासाठी जे किमान मानले, तेही प्रामाणिक रयतेला मिळत नाही, हे सरकारच्याच कागदांनी सिद्ध केले.

दादाभाईंचे गणित अवघ्या देशाचे होते. एका गावाचे गणित मांडले ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी. पुण्याजवळचे पिंपळे सौदागर आणि पुढे ना. वि. कानिटकरांसह पाहिलेले जातेगाव बुद्रुक, या दोन गावांतील प्रत्येक कुटुंबाची जमा आणि गावकऱ्यांच्याच मताने लागणारा किमान खर्च त्यांनी समोरासमोर मांडला. पहिल्या गावात शेकडा ६५ आणि दुसऱ्यात शेकडा ८५ कुटुंबे शेती आणि मजुरी मिळूनही तोंडमिळवणी करू शकत नाहीत, असे निघाले. इंग्लंडात सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरी १८९९ साली केलेली पाहणी याच जातीची होती. तिकडे घरोघर फिरणारा सुखवस्तू कारखानदार होता, इकडे मातीचे पृथक्करण करता करता माणसांकडे वळलेला रसायनशास्त्रज्ञ.

हैदराबाद संस्थानातही १९२९-३० साली एस. केशव अय्यंगार यांनी मोठी आर्थिक पाहणी केली, आणि पोलीस कारवाईनंतर १९४९-५१ मध्ये त्यांनीच ती पुन्हा हाती घेतली. मधल्या काळात १९३७ साली भरूचा यांचा शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरचा अहवाल आला. या कागदांचा रोख पाहिला म्हणजे ध्यानात येते, की मोगलाईत दारिद्र्य मोजले जाई ते पोटाने नव्हे, तर सावकाराच्या खातेवहीने. निजामी हाली शिक्क्याच्या रुपयांत किती कर्ज, त्यावर किती व्याज, किती जमीन गहाण आणि किती परागंदा झालेल्यांची, हे त्या काळाचे निर्देशक होते. माझ्या मते ते अगदीच टाकाऊ नव्हते. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या करतो तेव्हा आजही पंचनाम्यात पहिली चौकशी होते ती कर्जाची, उष्मांकांची नव्हे.

स्वातंत्र्यानंतर उष्मांकांचे युग आले. जुलै १९६२ मध्ये योजना आयोगाच्या पुढाकाराने एक कार्यगट बसला. त्यात धनंजयराव गाडगीळ आणि सर्वोदयाचे अण्णासाहेब सहस्रबुद्धे हे दोन मराठी गृहस्थ होते. पाच माणसांच्या कुटुंबाला १९६०-६१ च्या भावाने महिना निदान शंभर रुपये, म्हणजे दरडोई वीस रुपये खर्चता आले पाहिजेत, शहरात पंचवीस, असा त्यांचा निर्णय. आणि त्यात औषधपाणी व शिक्षण धरलेले नव्हते, कारण त्या दोहोंची सोय सरकार करील असे गृहीत होते. हे एक वाक्य पुढच्या सगळ्या समित्यांनी आपापल्या परीने विसरून अथवा आठवून रेषा ओढली आहे. जिंतूरच्या कुटुंबाने आजाऱ्याला परभणीला किंवा नांदेडला न्यायचे म्हटले की जीपभाड्यापासून खर्चास आरंभ होतो, आणि तो वीस रुपयांच्या हिशेबात कोठेही नव्हता.

१९७१ च्या जानेवारीत पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कोष्टक हाती घेऊन त्यांनी साधाच प्रश्न केला: किती खर्च करणाऱ्या कुटुंबाच्या ताटात दरडोई दररोज २,२५० उष्मांक पडतात? खेड्यात महिना सुमारे १५ रुपये, शहरात साडेबावीस, असे उत्तर आले; आणि त्या रेषेखाली १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के प्रजा निघाली. येथे एक बारकावा आहे. उष्मांक हे केवळ रेषेचा खुंटा ठोकण्यापुरते होते. रेषा होती ती खर्चाची. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे उष्मांक असतात, म्हणजे निव्वळ भाकरीवर भागवायचे तर साडेसहाशे ग्रॅमच्या जवळपास ज्वारीत हिशेब पुरा होतो. पण तितकी ज्वारी खाणारा माणूस कापड, तेल, मीठ, सरपण यांवर जो खर्च करतो, तोही त्या पंधरा रुपयांत आपसूक आलेला आहे. तो पुरेसा आहे की नाही हे कोणी विचारलेले नाही. लोक करतात तेवढा तो आहे, इतकेच. १९७९ साली योजना आयोगाने नेमलेल्या आलघ यांच्या कार्यदलाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक कायम करून १९७३-७४ च्या भावाने ४९ रुपये ९ पैसे आणि ५६ रुपये ६४ पैसे या रेषा सरकारी केल्या.

यावर सुखात्म्यांनी आक्षेप घेतला. सरासरी माणसाची गरज ही सीमारेषा कशी होईल, असा त्यांचा सवाल होता. एकाच निरोगी माणसाचे खाणे आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होते, शरीर आपला खर्च त्याप्रमाणे आवरते, म्हणून सरासरीच्या बरेच खाली, ज्याच्या आत निरोगी माणूस सहसा येत नाही अशा ठिकाणी, दोरी ताणली पाहिजे. आणि दूषित पाण्यामुळे जुलाबात जे अन्न वाया जाते, त्याचा विचार केल्याविना नुसते धान्य मोजण्यात अर्थ नाही. दांडेकरांचे उत्तर असे, की दरिद्री आणि अपुरे पोसलेले हे दोन निराळे समूह आहेत. ज्याच्यापाशी पैसा नाही तो पोट कसेबसे भरूनही दरिद्रीच राहतो. दोघेही सातारा जिल्ह्याचे, दोघेही संख्याशास्त्री, आणि दोघांनाही आपली बाजू सोडवत नव्हती. मला स्वतःला दांडेकरांचा युक्तिवाद अधिक पटतो. पण पाण्याविषयी सुखात्मे जे बोलले, ते उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला निराळे सांगण्याची गरज नाही.

आता खर्चाचा हा आकडा वर्षानुवर्षे प्रत्यक्ष कसा गोळा होत आला ते पाहू. नमुना पाहणीचा अन्वेषक निवडलेल्या गावात, निवडलेल्या घरी जातो आणि तीनशेहून अधिक जिनसांची जंत्री पुढे ठेवतो. गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती, गहू किती, तूरडाळ किती, गोडेतेल किती, विड्या किती. घरची बाई पायलीत, शेरात, चिपट्यात सांगते. तो किलोत मांडतो. विकत घेतलेल्याची किंमत बाजारभावाने, घरच्या शेतातल्या धान्याची शेतावरच्या दराने. बाईला तीस दिवसांचे तेल आठवत नाही, तिला आठवते ते गेल्या बाजाराच्या दिवशी आणलेले. आठवणीची मुदत तीस दिवसांऐवजी सात दिवस केली तर खाण्याचा आकडा वाढतो, आणि कापड-चपला-शिक्षण यांची मुदत वर्षाची केली तर तोही बदलतो. १९९९-२००० च्या फेरीत या मुदतींची सरमिसळ झाल्याने देशातील गरीब खरोखर कमी झाले की केवळ विचारण्याच्या पद्धतीने, यावर अर्थशास्त्र्यांत मोठी रणधुमाळी माजली. शिवाय दसऱ्यानंतर उचल घेऊन कोयत्यावर गेलेले जोडपे ऊस संपेपर्यंत गावात नसते. त्यांच्या घराला कुलूप असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नमुन्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून एकच विभाग धरतात, तेव्हा एखाद्या फेरीत जिंतूरच्या वाट्याला दोन-चार गावे आली काय आणि एकही न आले काय, तालुक्याचा म्हणून आकडा त्यातून निघतच नाही. पद्धतीचा हा दोष नव्हे. राज्याच्या प्रमाणासाठी आखलेली ती पद्धत आहे.

१९७२ च्या दुष्काळाने या साऱ्या गणिताला बगल देणारी एक निराळीच कसोटी महाराष्ट्राला दिली. खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला जो येईल तो गरजू, त्याला निराळा दाखला नको. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने हीच कल्पना रोजगार हमी म्हणून कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. येथे रेषा सरकार ओढीत नव्हते. उन्हात घमेले उचलायला तयार असलेला माणूस ती आपल्या पायाने ओलांडून येत होता. म्हातारी, अपंग, बाळंतीण मात्र या कसोटीत बसत नसत, हेही सांगितले पाहिजे.

कर्ज, घरकुल, स्वस्त धान्य वाटायचे तर नावे हवीत, म्हणून १९९२, १९९७ आणि २००२ अशा तीन वेळा गावोगाव दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची गणना झाली. १९९७ ला दोन हेक्टरांवर जमीन, पक्के घर, दूरदर्शन संच, इतकेच काय, छताचा पंखा असलेले कुटुंब बाद ठरे. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. ते नदीकाठचे काळे की डोंगरावरचे मुरमाड, याला रकाना नव्हता. २००२ ला तेरा प्रश्न आले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. अंगावरचे कपडे दोनांहून कमी, दोन ते चार, चार ते सहा. दिवसातून पोटभर जेवण किती वेळा. कर्ज सावकाराचे की बँकेचे. गाव सोडून जातो तो कशासाठी. ग्रामसेवकाने ओट्यावर बसून हे विचारायचे आणि बेरीज करायची. पण किती गुणांखालचा गरीब, हे बेरजेने ठरत नव्हते. राज्यातील गरिबांची एकूण संख्या योजना आयोगाच्या अंदाजाच्या आसपासच राहावी, असे बंधन वरून होते, आणि त्या हिशेबाने गुणांची पट्टी वरखाली सरकविली गेली. ज्या अंदाजाला माणसाचे नाव ठाऊक नव्हते, त्याच्या मापाने नावे कापली गेली. यादीत पाटलाचा भाऊ आणि यादीबाहेर विधवा, या ज्या कथा प्रत्येक गावात ऐकू येतात, त्यांना गावचे राजकारण कारण होतेच. पण जागाच मोजून दिल्या असताना तो कलह अटळ होता.

सुरेश तेंडुलकर समितीने २००९ साली उष्मांकांचा खुंटा उपटून टाकला आणि शहरी गरिबीचे आधीचे प्रमाण कायम धरून त्या खर्चाची टोपली सगळीकडच्या भावाने मोजली. त्यात शाळा आणि औषधांचा प्रत्यक्ष खर्च प्रथमच आला. त्या पद्धतीने २०११-१२ साली ग्रामीण महाराष्ट्राची रेषा दरडोई महिना ९६७ रुपये आणि शहरी १,१२६ रुपये ठरली. दिवसाला बत्तीस रुपये, यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ टर उडविली. टर उडविण्यापेक्षा एक गुणाकार करून पाहणे अधिक उपयोगाचे झाले असते. पाच माणसांचे ग्रामीण कुटुंब घेतले तर ९६७ रुपयांनी वर्षाचे ५८,०२० रुपये होतात. अन्नसुरक्षा कायद्यानंतर डिसेंबर २०१३ मध्ये राज्याने स्वस्त धान्याला पात्र अशा प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात उत्पन्नाची जी मर्यादा ठरविली, ती मात्र वर्षाला ४४,००० रुपये. उत्पन्न आणि खर्च एक नव्हेत हे मान्य करूनही, ज्या रेषेला सारा देश हसला, तिच्याही चौदा हजारांनी खाली शिधापत्रिकेची रेषा होती, आणि त्यावर कोणी अग्रलेख लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या मर्यादेबाहेर राहिलेल्या मराठवाड्याच्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळू लागला, तो चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीचा अपवाद म्हणून; २०२३ मध्ये त्या धान्याऐवजी दरडोई महिना दीडशे रुपये खात्यात टाकण्याचे ठरले. प्राधान्य कुटुंबांचा प्रत्येक तालुक्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची कमाल संख्या, ठरलेला आहे. २०११ नंतर जनगणना झालेली नसल्याने राज्याचा एकूण इष्टांक त्याच जुन्या लोकसंख्येवर बांधलेला आहे. जिंतूरच्या पुरवठा शाखेत नवा अर्ज आला की अर्जदाराचे उत्पन्न तपासले जाते, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि प्रतिज्ञापत्र घेतले जाते, आणि तो पात्र ठरला तरी त्याचे नाव चढते ते यादीतला कोणी मरण पावल्यावर, कोणाची मुलगी सासरी गेल्यावर किंवा कोणी गाव सोडल्यावर, तेवढा इष्टांक मोकळा झाला म्हणजे.